टीव्हीवरचे शेती कार्यक्रम: शेतकऱ्याची आवड, विश्वास आणि वापर कसा मोजावा?

काळं_रान

नमस्कार मंडळी. सोयाबीन-कपाशी पट्ट्यातले शेतकरी टीव्हीवरच्या शेती कार्यक्रमांकडे माहितीचा आधार म्हणून कसे पाहतात, यावर एक सर्वेक्षण आखतो आहे. मराठवाड्यातले दोन तालुके, बारा गावं, गावात दहा शेतकरी. डीडी सह्याद्रीवरचा ‘आमची माती आमची माणसं’, डीडी किसान आणि खाजगी मराठी वाहिन्यांवरचे शेती कार्यक्रम, असं सगळं धरायचं आहे.

मसुद्यातली काही विधानं:
‘शेती कार्यक्रमांतून उपयुक्त माहिती मिळते.’
‘कार्यक्रमात सांगितलेलं तंत्रज्ञान विश्वासार्ह असतं.’
‘हे कार्यक्रम पाहणं म्हणजे वेळ वाया घालवणं.’
समोर पाच पर्याय, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत.

अडचण अशी की चाचणीत जवळजवळ सगळे ‘सहमत’ म्हणतात. पण बियाणं कुणाला विचारून घेतलं, औषध कुणी सांगितलं, असं विचारलं की उत्तर दुकानदार नाहीतर शेजारचा शेतकरी. म्हणजे प्रश्नावली काहीतरी वेगळंच मोजते आहे. काय बदलावं?

---

विस्तारवेल

तुमची प्रश्नावली आवड मोजते आहे. आवड, विश्वास आणि वापर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एका बेरजेत घातल्या की गुण भरपूर दिसतात, हाती काहीच लागत नाही.

हा फरक जुना आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ५९व्या फेरीत, २००३ साली, देशभरातल्या शेतकरी कुटुंबांना आधुनिक तंत्रज्ञानाची माहिती कुठून घेतली असं विचारलं होतं. इतर प्रगतिशील शेतकरी १६.७ टक्के, निविष्ठा (बियाणं, खतं, औषधं) विक्रेते १३.१ टक्के, रेडिओ १३.० टक्के, टीव्ही ९.३ टक्के, वर्तमानपत्र ७.० टक्के, सरकारी विस्तार कर्मचारी, म्हणजे गावोगाव शेतीची माहिती पोचवणारे, ५.७ टक्के. सुमारे ६० टक्के कुटुंबांनी कुठलाच स्रोत वापरलेला नव्हता. आकडे आज बदललेले असणार, घरोघरी मोबाइल आलाय. पण प्रश्न कसा विचारला ते बघा. ‘टीव्ही चांगला आहे का’ असं कुणी विचारलं नाही. माहिती कुठून घेतली, असं विचारलं.

म्हणून तीन स्वतंत्र भाग करा. पहिला, संपर्क: घरात संच आहे का, वाहिनी दिसते का, गेल्या सात दिवसांत कोणता भाग पाहिला, त्यात कोणतं पीक होतं. दुसरा, दृष्टिकोन, म्हणजे आवड आणि विश्वास: विधानांची मोजपट्टी. तिसरा, वापर: पाहिलेल्यातली कोणती गोष्ट या हंगामात केली, किती क्षेत्रावर केली, करण्याआधी कुणाला विचारली. तिसऱ्या भागात ‘हो/नाही’ चालवून घेऊ नका. कामाचं नाव, प्रमाण आणि क्षेत्र लिहून घ्या. नाव आणि प्रमाण सांगता आलं नाही तर तो वापर धरू नका.

---

तिफण

शेतकरी कार्यक्रम बघतो आणि सोडून देतो, याचं सगळ्यात मोठं कारण आकड्यांची भाषा आहे. अविश्वास त्यानंतर येतो.

तज्ज्ञ हेक्टरी बोलतात. शेतकरी एकर आणि गुंठ्यात हिशोब करतो, फवारणीच्या पाण्याचा हिशोब पंपात, म्हणजे पाठीवरच्या टाकीत. सोयाबीनचं ‘हेक्टरी ७५ किलो बियाणे’ ऐकलं की मनातल्या मनात अडीचने भाग द्यावा लागतो, तेव्हा एकरी ३० किलो येतात. हा भागाकार होईपर्यंत पुढचं वाक्य निघून गेलेलं असतं. आणि ७५ किलोचा आकडा किमान ७० टक्के उगवणशक्ती धरून आहे, ही अट बहुतेक वेळा सांगितलीच जात नाही. घरचं बियाणं ६० टक्केच उगवत असेल तर ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे एकरी ३५ किलो लागतं. एक टक्का उगवण कमी, तर एकरी साधारण अर्धा किलो जास्त. एवढं एक वाक्य सांगितलं तर सोयाबीनची कितीतरी दुबार पेरणी टळेल.

फवारणीत तर घोळ आणखी मोठा. समजा शिफारस आहे हेक्टरी २०० ग्रॅम, ५०० लिटर पाण्यातून. म्हणजे १० लिटरला ४ ग्रॅम. पडद्यावर येतं ‘४ ग्रॅम’. शेतकऱ्याकडे पंप १५ लिटरचा. त्याने पंपाला ४ ग्रॅम टाकले की मात्रा एक तृतीयांशाने कमी पडली, कारण ६ ग्रॅम हवे होते. कीड मेली नाही की तो म्हणतो, टीव्हीवरचं औषध चालत नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाने फवारताना पाणी कमी लागतं. हेक्टरी २०० लिटरच गेलं तर तेच २०० ग्रॅम बसवायला १० लिटरला १० ग्रॅम घ्यावे लागतात. पंप कोणता आणि पाणी किती, हे न सांगता दिलेली मात्रा अर्धवट आहे. अर्धवट मात्रेचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारू नये.

तुमच्या मोजपट्टीत हे विधान हवंच: ‘कार्यक्रमात सांगितलेलं प्रमाण मला माझ्या एकरासाठी आणि माझ्या पंपासाठी लगेच समजतं.’

---

रानवारा

+१. आणि वेळ. संध्याकाळी कार्यक्रम लागतो तेव्हा धारा काढायची वेळ असते, चारा टाकायचा असतो. शेतीपंपाला वीज रात्रपाळीची असेल त्या आठवड्यात माणूस संध्याकाळीच मोटारीवर जातो. ‘कार्यक्रम बघता का’ याचं ‘नाही’ उत्तर आलं तर ते नावडीचं आहे असं धरू नका. कारणांचा वेगळा रकाना ठेवा: वीज, काम, घरात दुसरी वाहिनी लागलेली, सेट टॉप बॉक्सचे पैसे भरलेले नाहीत, कार्यक्रमाची वेळच माहीत नाही.

---

कॅमेऱ्यामागून

कार्यक्रम तयार होतो त्या बाजूने लिहितो. काही दोष मुळातच बसवलेले असतात, ते समजले तर प्रश्न नेमके विचारता येतील.

अर्ध्या तासाच्या भागात शीर्षक, बातम्या, हवामान, बाजारभाव वगळून मुख्य विषयाला बारा-पंधरा मिनिटं मिळतात. तज्ज्ञाची मुलाखत स्टुडिओत एका बैठकीत तीन-चार विषयांवर घेऊन ठेवतात. शेतातली दृश्यं पीक उभं असताना घ्यावी लागतात. बोंडअळीचं नुकसान दाखवायचं तर ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चित्रित होतं, पण शेतकऱ्याला त्याचा उपयोग जुलै-ऑगस्टमध्ये, पाते-फुलं लागताना. नियोजन नसेल तर नुकसानीची दृश्यं नुकसानीच्याच महिन्यात दाखवली जातात. तेव्हा बघणारा फक्त हळहळतो, करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

चांगलं नियोजन म्हणजे यंदाची दृश्यं पुढच्या वर्षासाठी साठवणं. वाणाचं नाव, गाव, तारीख आणि पिकाचं वय टेपवर लिहून ठेवलं तर पुढच्या जुलैत नव्या निवेदनासह वापरता येतात. फक्त शिफारस बदलली आहे का ते तपासायचं. चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन समिती दरवर्षी बसते, नवे वाण आणि तंत्रज्ञान तिथे मंजूर होतं. जुनी मुलाखत तशीच पुन्हा लावली तर मागे पडलेली शिफारस शेतकऱ्यापर्यंत जाते. औषधांच्या बाबतीत तर हा धोका मोठा आहे.

पडद्यावरच्या पाट्यांबद्दल तिफण म्हणतात ते बरोबर आहे. मात्रेची पाटी तीन-चार सेकंद राहते. वाचून लिहून घ्यायला किमान दहा-बारा सेकंद हवीत. एका पाटीवर एकच आकडा, एकरी, आणि खाली ‘१५ लिटर पंपासाठी इतके’. भागाच्या शेवटी सगळ्या मात्रा परत एकदा. याला खर्च काहीच येत नाही, संकलनाच्या टेबलावर अर्धा तास जातो.

---

तिफण

कॅमेऱ्यामागून, चांगली माहिती. मग यशोगाथांबद्दलही लिहा. गावात सगळ्यात जास्त टीका त्यांच्यावर होते.

---

कॅमेऱ्यामागून

यशोगाथा लोकप्रिय असतात, माणूस दिसतो, त्याचं घर दिसतं, आणि करायलाही सोप्या. हिशोब मात्र कच्चा असतो. ‘दहा गुंठ्यांत अडीच लाख’ असं म्हणतात तेव्हा ते बहुतेक वेळा एकूण विक्रीचे पैसे असतात, निव्वळ नफा नव्हे.

उदाहरण धरू. समजा दहा गुंठे शेडनेटमध्ये ढोबळी मिरची, ८ टन माल, सरासरी ३० रुपये किलो. विक्री २ लाख ४० हजार. आता खोकी, हमाली, तोलाई, अडत आणि वाहतूक मिळून किलोमागे ६ रुपये धरले तर ४८ हजार तिथेच गेले. मग रोपं, खतं, फवारण्या, मजुरी. मग सांगाड्याची आणि जाळीची वार्षिक घसारा रक्कम, कर्जाचं व्याज. अनुदान मिळालं होतं का, किती आणि किती उशिरा, हे सांगत नाहीत. आणि ३० रुपये ही हंगामाची सरासरी की एका चांगल्या आठवड्याचा दर, तेही नाही.

मुलाखत घेणाऱ्याने हे सहा प्रश्न ठरवून विचारले पाहिजेत: एकूण भांडवल किती, अनुदान किती, स्वतःचं पाणी कुठून, हंगामाची दर-सरासरी किती, घरच्या किती माणसांची मेहनत, आणि कोणत्या वर्षी तोटा झाला. शेवटच्या प्रश्नाने कार्यक्रमावरचा विश्वास वाढतो. तोट्याचं वर्ष सांगणारा शेतकरी बघणाऱ्याला आपला वाटतो.

---

रानवारा

यशोगाथेत आणखी एक गोष्ट. ज्याच्याकडे विहीर, ठिबक आणि शेजारी बाजारपेठ आहे त्याचीच गोष्ट दाखवली जाते. तीन एकर कोरडवाहू असलेला माणूस ‘हे बागायतदारांसाठी आहे’ म्हणून उठतो. मोजपट्टीत ‘कार्यक्रमात माझ्यासारख्या कोरडवाहू शेतकऱ्याला जमेल असं दाखवतात’ हे विधान ठेवा आणि उत्तरं ओलिताच्या क्षेत्रानुसार वेगळी काढा. एकत्र सरासरी काढली तर हा फरक बुडून जाईल.

---

निंबोळी

औषधांवर स्वतंत्र प्रश्न ठेवाच. खाजगी वाहिन्यांवर काही अर्धे तास प्रायोजित असतात. मांडणी माहितीच्या कार्यक्रमासारखीच असते: निवेदक, शेतकरी, तज्ज्ञ. पण शेवटी एकाच कंपनीचं उत्पादन. शेतकऱ्याला हा फरक कळतो का, हे मोजण्यासारखं आहे. विधान असं करता येईल: ‘कार्यक्रम जाहिरातीचा आहे की माहितीचा, हे मी ओळखू शकतो.’ पुढे लगेच एक उघडा प्रश्न: ‘कशावरून ओळखता?’

यात जिवाचा प्रश्न आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा यांवर खूप कार्यक्रम झाले. पण मिश्रण करण्याची सवय तशीच राहिली. दुकानातून तीन पुड्या एकत्र मिळतात आणि तिन्ही एकाच टाकीत जातात. टीव्हीने औषधाचं नाव सांगताना चार गोष्टी सोबत सांगायलाच हव्यात: त्या पिकावर आणि त्या किडीवर लेबलवर मान्यता आहे का, डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग, फवारणी ते तोडणी किती दिवस थांबायचं, आणि कशाबरोबर मिसळायचं नाही. त्रिकोण लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा असा उतरता क्रम. हिरव्याचं विषही विषच आहे, हेही सांगावं लागतं.

तिफण यांनी पेट्रोल पंपाचा हिशोब दिला तो गणित म्हणून बरोबर आहे. पण द्रावण अडीच पट घट्ट झालं की अंगावर उडणारा थेंबही अडीच पट घट्ट. म्हणून ती मात्रा लेबलवर कमी पाण्याची परवानगी असेल तरच घ्यायची. हे वाक्य त्या आकड्यासोबतच दाखवलं पाहिजे, नंतरच्या भागात नव्हे.

गुलाबी बोंडअळीचं उदाहरण घ्या, कारण टीव्हीवर ते दर वर्षी येतं. ‘कामगंध सापळे (मादीच्या वासाच्या गोळीने नर पतंग ओढणारे) लावा’ एवढं सांगून भाग संपतो. सापळा लावला, पतंग अडकले, पुढे काय? सर्वेक्षणासाठी हेक्टरी पाच, म्हणजे एकरी दोन सापळे. साधारण पंचेचाळीस दिवसांच्या पिकात लावायचे, पिकाच्या शेंड्याच्या थोडे वर, आणि पीक वाढेल तसे वर सरकवायचे. गंधगोळी गुलाबी बोंडअळीचीच हवी, हिरव्या अळीची लावली तर सापळा रिकामाच राहणार. पाकिटावरच्या मुदतीला ती बदलायची. रोज सकाळी पतंग मोजायचे. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले, किंवा एकरातून वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं फोडून दोनांत अळी किंवा तिची खूण दिसली, म्हणजे दहा टक्के, की आर्थिक नुकसानीची पातळी आली, म्हणजे फवारणीचा खर्च परवडण्याइतकी कीड झाली. तेव्हा फवारणी. त्याआधी पाच टक्के निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर नऊ लिटर पाण्यात, सकाळी फडक्यातून गाळून, एक लिटरमध्ये दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून, सगळं मिळून शंभर लिटर. अर्क त्याच दिवशी संपवायचा.

आता हे सगळं बारा मिनिटांत बसतं की नाही? बसतं. पण ‘सापळे लावणे ही काळाची गरज आहे’ असली वाक्यं कापावी लागतात. शेतकऱ्याचा दृष्टिकोन अशाच भागांवरून बनतो. गंधगोळी कधी बदलायची हे न सांगितल्यामुळे ज्याचा सापळा दीड महिन्याने रिकामा लटकत राहिला, तो पुढच्या वर्षी सापळ्याचा भाग लागला की वाहिनी बदलतो.

---

काळं_रान

निंबोळी, तिफण, फार मोलाचं. दोन शंका. घरातल्या बायकांना वेगळं विचारावं का? आणि यूट्यूबवर पाहिलेला टीव्हीचाच भाग कशात धरायचा?

---

माळवं

बायकांना वेगळं आणि एकटीला विचारा. घरातला कर्ता माणूस शेजारी बसला की उत्तर त्याचं येतं.

बियाणं निवडणं, उगवण तपासणं, बीजप्रक्रिया, खुरपणी, वेचणी, साठवण, जनावरं ही कामं बहुतेक घरांत बायकांच्या हातची. कार्यक्रम मात्र पुरुषाला उद्देशून बोलतो, ‘शेतकरी बंधूंनो’. बीजप्रक्रियेचा भाग पुरुषाने पाहिला आणि बियाण्याला हात बाईने लावला, तर माहिती वाटेतच अर्धी होते. क्रम चुकतो. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सगळ्यात शेवटी पेरणीच्या आधी रायझोबियम आणि पीएसबी ही जिवाणू खतं. जिवाणू आधी लावून वर बुरशीनाशक चोळलं तर जिवाणू मरतात. सोयाबीनचं टरफल पातळ, जोरात चोळलं किंवा पोतं उंचावरून आपटलं की डाळ होते आणि उगवण जाते. बियाणं सावलीत सुकवायचं. एवढं दाखवायला दोन हातांचं जवळून घेतलेलं एक दृश्य पुरतं. प्रत्यक्षात दिसतो ड्रम फिरवणारा माणूस आणि मागे संगीत.

उगवण चाचणीही तशीच. शंभर दाणे, न निवडता मूठभरातून काढलेले. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत. रोज पाणी शिंपडायचं, पण निथळून. पाचव्या-सहाव्या दिवशी उघडून फक्त नीट कोंब आणि मूळ असलेले दाणे मोजायचे. नुसते फुगलेले, बुरशी आलेले, अर्धे तुटलेले मोजले की आकडा फसवा येतो. एका गुंडाळीवर विसंबू नये, तीन करून सरासरी घ्यावी.

तुमच्या वापराच्या भागात प्रत्येक कामासमोर ‘हे काम घरात कोण करतं’ हा रकाना घाला. आणि ते काम करणाऱ्या माणसाने कार्यक्रम पाहिला होता का, हा दुसरा रकाना. ही जोडी जुळते का, यातून तुम्हाला टक्केवारीपेक्षा जास्त कळेल.

---

विस्तारवेल

माळवं ताईंच्या दोन रकान्यांना माझं पूर्ण अनुमोदन.

यूट्यूबबद्दल: कार्यक्रम टीव्हीचा असेल पण पाहिला मोबाइलवर, तर स्रोत टीव्ही आणि साधन मोबाइल अशी वेगळी नोंद करा. कारण पाहण्याची रीत बदलते. मोबाइलवर थांबवता येतं, मागे घेता येतं, मात्रेच्या पाटीचा फोटो काढता येतो. तिफण म्हणतात ती अडचण तिथे अर्धी सुटते. पण नवी येते: भाग कोणत्या वर्षीचा ते दिसत नाही. तीन वर्षांपूर्वीचा भाव आणि तीन वर्षांपूर्वीचं औषध आजचं म्हणून गटात फिरतं. ‘पाहताना तारीख बघता का’ हा साधा प्रश्न विचारा.

---

रानवारा

गटाने पाहण्याचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो. महाराष्ट्राला याचा जुना धडा आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोता गट बांधले. वीस कार्यक्रम, आठवड्यातून दोन, गावातले पंधरा-वीस लोक एकत्र ऐकायचे, चर्चा करायचे, शंका आकाशवाणीला कळवायचे आणि पुढच्या भागांत त्यांची उत्तरं यायची. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं. गट असलेल्या गावांत माहिती स्पष्ट वाढली. रेडिओ होता पण गट नव्हता, तिथे वाढ फारच कमी. १९६७ च्या २६ जानेवारीला दिल्लीत ‘कृषी दर्शन’ सुरू झालं तेव्हाही आसपासच्या ८० गावांत सामूहिक संच ठेवले होते. १९७५-७६ च्या, उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवण्याच्या उपग्रह शिक्षण प्रयोगातही सहा राज्यांतल्या २४०० गावांत सामूहिक संचच होते. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

संच घरात आला आणि चर्चा गेली. एकटा पाहणारा शंका कुणाला विचारणार? दुकानदाराला. म्हणून निर्णय दुकानातच होतो. दुकानदार वाईट म्हणून हे होतं असं मी म्हणणार नाही. तो सकाळी आठला समोर असतो, उधार देतो आणि एकाच पिकाचं नव्हे, त्याच रानाचं बोलतो. टीव्हीला हे जमणार नाही, पण शंकेला वाट देणं जमेल. थेट फोनचा कार्यक्रम, आणि पडद्यावर कायम दिसणारा किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक. ‘कार्यक्रम पाहून शंका आली तर तुम्ही कुणाला विचारता?’ हा प्रश्न सर्वेक्षणाच्या मध्यभागी हवा.

---

विस्तारवेल

आता मोजपट्टी कशी बांधायची ते एकदा नीट लिहून ठेवतो, कारण प्रबंधांत ही जागा नेहमी कच्ची राहते.

विधानं साठ-सत्तर गोळा करा, शक्य तितकी शेतकऱ्यांच्याच तोंडची. वर तिफण, रानवारा, निंबोळी यांनी दिलेली तयार आहेत. मोजपट्टीची विधानं कशी असावीत याचे एडवर्ड्सचे १९५७ चे निकष आहेत, त्यांवर गाळा: एका विधानात एकच विचार, भूतकाळ नको, सगळेच हो म्हणतील असं नको, सगळेच नाही म्हणतील असंही नको. तुमचं ‘उपयुक्त माहिती मिळते’ इथेच पडतं.

मग विस्तार क्षेत्रातल्या परीक्षकांकडून सुसंगतता, म्हणजे विधान विषयाला धरून आहे का, तपासा. उरलेली विधानं तुमच्या नमुन्याबाहेरच्या गावांत चाळीस-पन्नास शेतकऱ्यांना द्या. एकूण गुणांवरून वरचे पंचवीस टक्के आणि खालचे पंचवीस टक्के वेगळे काढा, प्रत्येक विधानाची टी किंमत (दोन गटांच्या सरासरीतला फरक किती ठळक, ते सांगणारा आकडा) काढा. १.७५ पेक्षा कमी असलेलं विधान टाकून द्या, ते चाहत्यात आणि टीकाकारात फरक करत नाही. सोळा ते वीस उरली की पुरे, निम्मी नकारात्मक. नकारात्मकांचे गुण उलटे द्यायचे, हे संगणकात भरताना राहून जातं आणि सगळा निकाल सपाट होतो. विश्वसनीयतेसाठी, म्हणजे मोजपट्टी सारखंच उत्तर देते का ते बघायला, सम-विषम विधानांचे दोन भाग करून सहसंबंध काढा आणि अर्ध्या पट्टीचा आकडा स्पीअरमन-ब्राऊनच्या सूत्राने पूर्ण पट्टीसाठी दुरुस्त करा.

मराठीतला एक खास धोका. नकारात्मक विधानात ‘नाही’ घातलंत तर उत्तर देणारा गोंधळतो. ‘कार्यक्रमातली माहिती वेळेवर मिळत नाही’ याला शेतकरी ‘नाही’ म्हणतो तेव्हा तो सहमत असतो की असहमत? दोन्ही असू शकतं. म्हणून ‘नाही’शिवाय लिहा: ‘कार्यक्रमातली माहिती हंगाम उलटल्यावर येते.’ ‘वेळ वाया घालवणं’सारखे जड शब्दही नकोत, पाहुण्यासमोर असं बोलणं माणसाला अवघड वाटतं.

आणि सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) सोबत नेऊ नका. तो शेजारी उभा असेल तर सरकारी वाहिनीबद्दल वाईट कुणी बोलणार नाही.

---

काळं_रान

सगळ्यांचे आभार. सुधारलेली विधानं टाकतो:

‘कार्यक्रमातलं प्रमाण मला माझ्या एकरासाठी आणि पंपासाठी लगेच समजतं.’
‘कार्यक्रमातली माहिती हंगाम उलटल्यावर येते.’
‘कार्यक्रमात कोरडवाहू शेतकऱ्याला जमेल असं दाखवतात.’
‘यशोगाथेत खर्च आणि तोटा लपवलेला असतो.’
‘कार्यक्रम जाहिरातीचा आहे की माहितीचा, हे मी ओळखू शकतो.’
‘टीव्हीवर पाहिलेली गोष्ट दुकानदाराला विचारल्याशिवाय मी करत नाही आणि ती थोड्या क्षेत्रावर आधी करून बघतो.’

मुलाखती मे महिन्यात, पेरणीआधी, लोक मोकळे असताना घ्यायचा विचार आहे.

---

तिफण

शेवटच्या विधानात दोन विचार आहेत आणि ‘नाही’सुद्धा. तोडा. ‘टीव्हीवर पाहिलेली गोष्ट करण्याआधी मी दुकानदाराला विचारतो’ हे एक. ‘नवी गोष्ट आधी थोड्या क्षेत्रावर करून बघतो’ हे दृष्टिकोनाचं विधानच नव्हे, ते वापराच्या भागात न्या आणि किती गुंठ्यांवर तेही विचारा.

‘ओळखू शकतो’ हेही दृष्टिकोनाचं नव्हे, क्षमतेचं आहे. निंबोळींनी सुचवलेल्या उघड्या प्रश्नासकट वेगळं ठेवा. बेरजेत धरू नका. तेच ‘लगेच समजतं’चं. मी सुचवलं तेव्हा ते मोजपट्टीत ठेवा म्हटलं होतं, पण त्याऐवजी एक पाटी दाखवा, ‘हेक्टरी २०० ग्रॅम, ५०० लिटर पाणी’, आणि १५ लिटरच्या पंपाला किती टाकाल ते विचारा. ६ ग्रॅम आलं की समजलं.

---

विस्तारवेल

तिफण यांची पाटीची चाचणी उत्तम. आकडा सांगायला वेळ द्या, कागद-पेन्सिल द्या, आणि घरात दुसरं कुणी उत्तर पुरवत असेल तर तशी नोंद करा.

मे महिन्याला मात्र माझा विरोध आहे. मेमध्ये माणूस मोकळा असतो, पण मागच्या खरिपातलं विसरलेला असतो आणि वापराचा भाग सगळा आठवणीवर चालेल. दोन फेऱ्या करा. पहिली ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात: पेरणी, बीजप्रक्रिया, तणनाशक आठवणीत ताजं असतं, सापळे शिवारात दिसतात, स्वतः जाऊन मोजता येतात. दुसरी सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीनंतर: तेव्हा खर्चाचा हिशोब डोक्यात असतो. दृष्टिकोनाची मोजपट्टी पहिल्या फेरीत सगळ्यांना भरून घ्या. विश्वसनीयतेसाठी वीस जणांना पंधरा दिवसांनी पुन्हा तीच द्या. दुसऱ्या फेरीत फक्त वापर आणि ‘कुणाला विचारलं’ एवढंच घ्या, म्हणजे मुलाखत वीस मिनिटांत आटपेल.